सुझोउच्या सरकारी शाळेत पोराची दोन वर्षं, तिसरी आणि चौथी (मोठा रिव्ह्यू आहे, निवांत वाचा)

रेटिंग आधीच सांगून टाकते, पाचपैकी साडेतीन. प्रायमरीसाठी चार द्यायला हरकत नाही, पण सहावीच्या पुढे मी माझ्या पोराला तिथे ठेवलं नसतं म्हणून अर्धा कमी केलाय. चीनला ट्रान्सफर आली की पुण्या-मुंबईच्या लोकांचा पहिला प्रश्न शाळेचाच असतो आणि उत्तर देणारे बहुतेक सगळे इंटरनॅशनल स्कूलवाले असतात, लोकल सरकारी शाळेत पोर घातलेले मराठी लोक मला तरी दोन वर्षांत तीनच भेटले, म्हणून सविस्तर लिहितेय. शाळेचं नाव लिहीत नाही कारण एक-दोन तक्रारी पण आहेत आणि तिथली माणसं मला आजही जवळची आहेत.

आम्ही मूळचे सोलापूरचे, नंतर चाकण. मिस्टरांची कंपनी गाड्यांचे पार्ट्स बनवते, २०२३ मध्ये कोविडनंतर चीन पुन्हा नीट उघडल्यावर त्यांना शांघायजवळच्या सुझोउला (जिआंग्सू प्रांत) पाठवलं. इंटरनॅशनल स्कूलची फी वर्षाला २ ते २.५ लाख युआन, म्हणजे आपले पंचवीस लाखांच्या आसपास, आणि कंपनी निम्मीच देणार होती. मग सरकारी शाळा. सप्टेंबर २०२३ ला ॲडमिशन झाली, वयाने तो चौथीत बसला असता पण चिनी भाषा येत नव्हती म्हणून तिसरीत घेतलं, आणि ते बरंच झालं. आमचा खर्च म्हणजे जेवण, युनिफॉर्म (ट्रॅकसूट असतो, दोन जोड) आणि शाळेनंतर थांबायचे थोडे पैसे, बास.

आता मुद्द्याचं. जाण्याआधी सगळ्यांनी मला एकच सांगितलं होतं की तिकडे शिक्षक म्हणजे मिलिटरी, पोरांना तोंड उघडायची सोय नाही. हे अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धं कुणीच सांगत नाही.

पहिल्यांदा खरं अर्धं. वर्गात ४४ मुलं. लाओशी (म्हणजे शिक्षक, तिकडे सर-मॅडम असं वेगळं नाही, सगळे लाओशी) आत आल्या की मॉनिटर ओरडतो उभे राहा, ४४ पोरं एका झटक्यात उभी, "लाओशी हाओ", लाओशी नमस्कार करून बसा म्हणतात तेव्हाच बसायचं. बाकावर दोन्ही हातांची घडी, एकावर एक, समोर. हात वर करायचा तर कोपर बाकाला टेकलेलं आणि पंजा सरळ वर, आपल्यासारखं "मी मी मी" करत हात हलवायचा नाही. पहिल्या आठवड्यात पोरगा घरी जेवायला बसला तेव्हा तसाच हात करून पोळी मागत होता, माझ्या पोटात कालवलं. तासाला मध्येच प्रश्न विचारणं ही पद्धतच नाही. लाओशी विचारतात, मुलं उत्तर देतात, बहुतेक वेळा सगळी एका सुरात.

पण प्रश्न विचारता येत नाहीत असं मात्र नाही, ते मला कळायला तीन महिने लागले. प्रश्न वर्गात नाही, ऑफिसात. तास संपला की पाच-सहा पोरं वही घेऊन शिक्षकांच्या खोलीत लाओशींच्या टेबलाभोवती उभी असतात, चुकलेलं गणित तिथेच पुन्हा सोडवायचं, लाओशी लाल पेनाने बघतात, परत चुकलं तर परत समजावतात, आणि बरोबर आल्याशिवाय सोडत नाहीत. याला तिकडे तिंगचंग म्हणतात, दुरुस्ती, आणि मला विचाराल तर चिनी शाळेचा जीव तिथे आहे. आमच्या पोराला हातचे घेऊन गुणाकार करताना कायम गोंधळ व्हायचा, चाकणच्या शाळेत दीड वर्ष तो गोंधळ तसाच पुढे पुढे गेला होता, इथे गणिताच्या लाओशींनी अकरा दिवस रोज दुपारी त्याला टेबलाशी उभं केलं आणि बाराव्या दिवशी मला वीचॅटवर (तिकडचं व्हॉट्सॲप) वहीच्या पानाचा फोटो पाठवला, सगळं बरोबर, खाली लाल तारखेसकट. वेगळी ट्यूशन नाही, एक युआन नाही.

आणि त्या बाईंना हे जमतं कारण त्या फक्त गणितच शिकवतात. प्रायमरीत पण. दोन वर्ग, आठवड्याचे मोजके तास, उरलेला वेळ वह्या तपासणे आणि एकमेकांच्या तासाला जाऊन बसणे. ओपन डेला आम्ही पालक मागे बसलो होतो तेव्हा आमच्या शेजारी त्याच शाळेचे चार शिक्षक वह्या घेऊन बसलेले, लाओशी काय बोलतात, फळ्यावर कुठे काय लिहितात, कुठल्या मुलाला कधी विचारतात, सगळं टिपत होते, आणि नंतर त्यांची बैठक होती असं कळलं. मी आपल्याकडे इतकी वर्षं शाळा पाहिल्या, शिक्षकाच्या तासाला दुसरा शिक्षक शिकण्यासाठी बसलाय हे मी पहिल्यांदा पाहिलं. तिकडे शिक्षकाचा शब्द चालतो तो नुसत्या धाकाने चालत नाही, पोरांना माहीत असतं की या बाईंना हे येतं. शांघाय २००९ आणि २०१२ च्या पिसा परीक्षेत (पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी) जगात पहिलं आलं, गणितात ६१३ मार्क होते २०१२ ला, आणि त्या २००९ च्या फेरीत आपल्याकडून तमिळनाडू आणि हिमाचल बसले होते ते पार तळाला. शांघायच्या आकड्यांवर शंका घेणारे आहेत, सगळ्या मुलांचा समावेश होता का वगैरे, ते मला ठाऊक आहे, पण ते ऑफिसातलं टेबल बघितल्यापासून मला त्या निकालाचं नवल वाटत नाही.

आता न सांगितलं जाणारं अर्धं. वर्ग मुलं चालवतात. खरोखर चालवतात. मॉनिटर आहेच, पण त्याशिवाय अभ्यासाचा एक, खेळाचा एक, साफसफाईचा एक, प्रत्येक विषयाचा एक प्रतिनिधी जो सकाळी वह्या गोळा करून कुणाची आली नाही ते लिहून ठेवतो. खराटा, फरशी पुसणं, फळा, कचरा, जेवणाच्या भांड्यांच्या पेट्या आणणं आणि परत नेणं, सगळं पाळीपाळीने पोरांकडे. लाओशी जेवणाच्या वेळी वर्गात असतात, पण वाढपी पोरंच, टोपी आणि एप्रन घालून. आमचा पोरगा दुसऱ्या वर्षी झाडांचा प्रमुख होता, खिडकीतल्या सोळा कुंड्या त्याच्या ताब्यात, सुट्टीत कुठली कुंडी कुणाच्या घरी जाणार हे त्याने ठरवलं आणि लाओशींनी त्यात एक शब्द बदलला नाही. घरी पाण्याचा ग्लास न उचलणारा मुलगा. २०२२ पासून श्रमशिक्षण हा वेगळा विषयच केलाय तिकडे, त्यात त्याला टोमॅटो-अंडं करायचा होमवर्क आला, व्हिडिओ काढून पाठवायचा, तेव्हापासून रविवारी सकाळची अंडी तोच करतो.

यात एक खटकणारी गोष्ट पण आहे. रोज डोळ्यांचा व्यायाम असतो, स्पीकरवर गाणं आणि आकडे, सगळ्यांनी डोळे मिटून भुवयांजवळ, नाकाजवळ ठरलेल्या जागा दाबायच्या. १९६३ पासून चालू आहे म्हणे हे. कारण पण आहे, २०१८ च्या सरकारी पाहणीत तिकडच्या ५३.६ टक्के मुलांना लांबचं नीट दिसत नव्हतं. तर ओपन डेला मी बघतेय, त्रेचाळीस पोरं डोळे मिटून बसलेली आणि एक मुलगी हातात वही घेऊन रांगांमधून फिरतेय, कुणी डोळे उघडले त्याचं नाव लिहायला. नऊ वर्षांची मुलगी. चेहरा अगदी गंभीर. बाजूला बसलेली एक आजी कौतुकाने हसत होती, मला मात्र त्या मुलीचंच वाईट वाटलं, कारण तिलाच त्या पाच मिनिटांत डोळे मिटता येत नव्हते. मुलांच्या हातात कारभार देणं वेगळं आणि एकमेकांवर पहारा ठेवायला लावणं वेगळं, या शाळेत या दोन्ही गोष्टी एकाच वहीत होत्या.

बानझुरेन म्हणजे क्लास टीचर, पण क्लास टीचर म्हटलं की त्याचं वजन कळत नाही. आपल्याकडे एकत्र कुटुंबात जशी मोठी काकू असते ना, जिच्याशिवाय पान हलत नाही, तशी. पहिल्या दिवशी आमच्या बानझुरेननी मला विचारलं भारतात कुठले, मी सोलापूर म्हटलं आणि मोबाईलवर डॉक्टर कोटणीसांचा फोटो दाखवला. त्यांना लगेच कळलं, के दिहुआ, हे कोटणीसांचं चिनी नाव, १९३८ च्या वैद्यकीय पथकातून गेलेले आणि १९४२ ला तिथेच वारलेले. त्यांनी वर्गात जाऊन एवढंच सांगितलं की हा मुलगा डॉक्टर के दिहुआंच्या गावचा आहे, याची काळजी घ्या. झालं. दुसऱ्या दिवसापासून याला शब्द शिकवायला दोन मुलं, टॉयलेट दाखवायला एक, जेवणात डुकराचं मांस आलं की "हे तुझं नाही" म्हणून सांगायला एक. त्या बाईंच्या एका वाक्यात एवढी ताकद होती आणि ती आमच्या बाजूने वापरली गेली, हे मी आयुष्यभर विसरणार नाही.

तीच ताकद उलटी फिरली तर काय, ते पण पाहिलं. चौथीत असताना एक बदली शिक्षक आले होते काही आठवडे, त्यांनी शब्द चुकला म्हणून पोराला तोच शब्द शंभर वेळा लिहायला लावला, आणि उलट बोलला म्हणून दोन तास मागे उभं केलं. आता नियम बघा, तिकडे १ मार्च २०२१ पासून शिक्षेचे नियम लागू आहेत, शिक्षकाला रागावता येतं, मुलाला लेखी माफी मागायला लावता येते, एका तासापुरतं वर्गात उभं करता येतं, पण मारणं, अपमान करणं, मर्यादेबाहेर उभं करणं, पुन्हा पुन्हा तेच लिहायला लावणं याला स्पष्ट बंदी आहे. आपल्याकडे २००९ च्या आरटीई कायद्यात शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला सरसकट बंदी आहे, तिकडे शिक्षा करायचा अधिकार दिलाय पण कुठवर ते लिहून दिलंय. मी चिडून १२३४५ ला फोन लावणार होते (सरकारी तक्रारीचा नंबर आहे, सगळे पालक वापरतात), तर शेजारच्या मुलीच्या आईने माझा हात धरला आणि म्हणाली, आधी बानझुरेनशी बोल, तिला डावलून वर गेलीस तर तिला उत्तर द्यावं लागेल, ज्याने केलं त्याला नाही. मी गेले. बानझुरेननी शांतपणे ऐकलं, वही बघितली, पोराला बोलावून माझ्यासमोर त्याला सॉरी म्हणाल्या, तसं परत कधी झालं नाही. पण त्या बदली शिक्षकांनी काही म्हटलं नाही आणि शाळेकडून लेखी काही आलं नाही. माझी तक्रार आजही ही आहे की पोराला न्याय मिळाला तो त्या बाई चांगल्या होत्या म्हणून, नियम होता म्हणून नाही.

होमवर्कबद्दल लोक फार विचारतात. जुलै २०२१ मध्ये श्वांगच्येन आलं, दुहेरी ओझं कमी करा म्हणून सरकारी आदेश, त्यात पहिली-दुसरीला लेखी होमवर्क नाही, तिसरी ते सहावी ६० मिनिटं, त्यावर ९० मिनिटं, आणि शाळेच्या विषयांचे नफ्यावर चालणारे क्लासेस बंद. शाळेत शाळेनंतर दोन तास थांबायची सोय, तिथेच बराचसा होमवर्क उरकतो. आमचा खरंच तासाभरात व्हायचा. पण आमच्या पोराच्या बरोबरीच्या चिनी मुलांचा नाही व्हायचा, कारण त्यांच्या आया घरी वेगळी पुस्तकं करून घेत होत्या, आणि ज्यांच्याकडे पैसा होता त्यांच्याकडे घरी "मावशी" म्हणून शिकवायला कुणीतरी यायचंच. शाळा सोडेल एकवेळ, परीक्षा सोडत नाही. नववीनंतर झोंगकाओ (हायस्कूलची प्रवेश परीक्षा) असते आणि त्यात सगळ्यांना जनरल हायस्कूल मिळत नाही, मोठा हिस्सा व्होकेशनलला जातो, कित्येक वर्षं निम्मे इकडे निम्मे तिकडे असंच धोरण होतं. त्यापुढे गाओकाओ (युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा), २०२४ ला १ कोटी ३४ लाख मुलांनी फॉर्म भरला होता. चौथीतल्या आया झोंगकाओबद्दल बोलत बसायच्या गेटवर. आमचा पोरगा त्या शर्यतीत नव्हताच, परदेशी मुलांचा युनिव्हर्सिटीचा मार्ग वेगळा असतो, त्यामुळे माझा हा रिव्ह्यू जरा सुखाच्या जागेवरून लिहिलेला आहे हे लक्षात ठेवा.

आणि हे मला ज्या दिवशी नीट कळलं तो निबंधाचा दिवस. तिसरीपासून निबंध असतात, चौकटीच्या कागदावर, एका चौकटीत एक अक्षर. मुलांची एक वेगळी वही असते, चांगले शब्द चांगली वाक्यं, वाचताना सापडलेली तिथे उतरवायची आणि निबंधात वापरायची. चौथीत विषय होता माझ्या आवडीची जागा. याने आजोबांचा माग लिहिला, चादरींचा, सोलापूरचा. शेवटचं वाक्य होतं, "तो आवाज मला आवडत नव्हता पण इथे रात्री फार शांत असतं तेव्हा तो मला आठवतो." स्वतःचं वाक्य, वहीतलं नाही. लाओशींनी त्याच्याखाली लाल नागमोडी रेघ मारली, तिकडे चांगल्या वाक्याला तशी रेघ असते, आणि बाजूला लिहिलं, शेवट बदल, यातून काय शिकलास ते लिही. त्याने बदललं. आजोबांच्या कष्टातून मी मेहनत करायला शिकलो असं काहीतरी. निबंध वर्गात लावला गेला.

मी बानझुरेनना विचारलं (भाषेच्या लाओशी त्याच), भांडायला नाही, खरंच कळावं म्हणून. त्या म्हणाल्या वाक्य सुंदर आहे म्हणूनच रेघ मारली, पण मी आत्ता त्याला तसा शेवट करू दिला तर पुढे परीक्षेत तपासणारा मार्क कापेल आणि तेव्हा त्याला वाचवायला मी नसेन. हे बोलताना सहा वाजून गेले होते, त्यांची स्वतःची मुलगी ऑफिसच्या कोपऱ्यात खुर्चीवर झोपली होती, मोबाईलवर पालकांचे मेसेज येत होते, एकामागून एक, शोउदाओ शोउदाओ, म्हणजे मिळाला मिळाला. आम्ही बाहेरून म्हणतो शिक्षकांची हुकूमत. त्या बाईंच्या हातात ४४ पोरांचं उठणं-बसणं होतं पण एक चांगलं वाक्य आहे तसं ठेवायची मोकळीक त्यांच्याकडे नव्हती.

सहावीच्या पुढे नको म्हणते ते यासाठी. सातवीपासून ते वाक्य लिहिलंच जाणार नाही. आमच्या बिल्डिंगमधली एक आठवीतली मुलगी होती, फार गोड, पोराला चिनी बुद्धिबळ शिकवायची, तिला मी एकदा विचारलं तुला काय आवडतं, तर ती बराच वेळ विचार करून म्हणाली, झोपायला. खरं सांगत होती.

बाकी पटापट. मोबाईल शाळेत नाही, २०२१ पासून देशभर तसंच आहे, हे मला सगळ्यात आवडलं. शाळा ८.२० च्या आधी भरवत नाहीत प्रायमरीची, हाही नियमच. प्रायमरीत मार्कांची रँक भिंतीवर लावत नाहीत. शाकाहारी असाल तर आधीच बोला, आम्हाला डब्याची परवानगी मिळाली पण सगळीकडे मिळेलच असं नाही. आईवडिलांपैकी एकाला तरी कामचलाऊ चिनी वाचता आलंच पाहिजे, वीचॅट ग्रुपवर दिवसाला वीस मेसेज येतात आणि उत्तर लगेच द्यावं लागतं. राष्ट्रध्वजाचा कार्यक्रम, गळ्यात लाल रुमाल (तिकडच्या सरकारी बालसंघटनेची खूण) हे सगळं असतं, आमच्याकडे रुमाल सक्तीचा केला नाही, पोराला मात्र सगळ्यांच्या गळ्यात आहे आणि आपल्या नाही याचं वाईट वाटायचं.

कागदपत्रांचं कुणाला हवं असेल तर विचारा, माझ्याकडे सगळी यादी आहे. आणि शाळा बघायला जाल तेव्हा इमारत, रनिंग ट्रॅक, कॉम्प्युटर लॅब यात अडकू नका, दहाच्या सुमाराला जा आणि दोन तासांमधल्या सुट्टीत गेटबाहेर उभ्या राहून मैदानाकडे बघा. आमच्या शाळेत पहिल्या दीड वर्षात ते दहा मिनिटं रिकामं असायचं, कुणी पडलं, लागलं तर पालक तक्रार करतील म्हणून मुलांना खाली सोडायचे नाहीत, पाणी प्या, टॉयलेटला जा आणि परत बसा. हा प्रश्न तिकडे बराच गाजला, बीजिंगने २०२४ च्या सप्टेंबरपासून ती सुट्टी १५ मिनिटांची केली आणि जिआंग्सूमध्येही २०२५ च्या सुरुवातीला झाली. त्या फेब्रुवारीत मी डबा द्यायला गेले होते, गेटवरच्या काकांनी बोट करून दाखवलं, मैदानावर दोनेकशे पोरं नुसती पळत होती, कुठला खेळ नाही, रांग नाही, काही नाही. आमचा पोरगा त्यातच होता, शेवटपर्यंत त्याला मी दिसले नाही.